कर्नलकाका दीक्षान्त संचलनाला जातात

आमच्या काकांनी उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरली नाही, पण गल्लीत त्यांना सगळे कर्नल म्हणायचे. नाव चेष्टेने पडलं होतं. काकांनी ते बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं.

ते पाणीपुरवठा खात्यात मुख्य कारकून होते. नळाला पाणी येत नाही, येतं ते गढूळ येतं, अशा अर्जांवर ‘पाहिले’ असा शिक्का मारायचा, हे त्यांचं बत्तीस वर्षांचं काम. पण चाल बघावी तर कालच सीमेवरून परतल्यासारखी. छाती पुढे, मान ताठ, मिशीला पीळ आणि बोलणं सगळं हुकमी. जेवायला बसले की "मीठ! डावीकडून!" कुणाकडे सामान हलवायचं असलं की काका न बोलावता हजर. कपाटाला बोट लावायचे नाहीत, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून खालच्यांना ओरडायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे मला शाळेत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्यांची एक गोष्ट होती आणि ती आम्ही सगळ्यांनी पाठ केली होती. विशीत त्यांची सैन्याच्या अधिकारी प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. अडीच हजारांतून सव्वीस जण, त्यांत काका. पण निघायच्या आठवड्यात आमच्या आजीने अंथरूण धरलं. "एकीकडे देश, एकीकडे आई," असं म्हणून काका छताकडे बघत थांबायचे. मग हळूच, "मी आईला निवडलं." ऐकणाऱ्याने इथे सुस्कारा सोडायचा असे. माझे बाबा दर वेळी सोडायचे. बाबा म्हणजे काकांचे धाकटे भाऊ, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करणारे. काकांपुढे त्यांनी "हो दादा" सोडून तिसरा शब्द कधी काढला नाही.

काकांनी स्वतःच्या मुलाला अधिकारी करायचा चंग बांधला होता. रविवारी दुपारी त्याला गच्चीवर उन्हात उभं करायचे आणि स्वतः टाकीच्या सावलीत बसून "दाहिने मूड" ओरडायचे. तो अठरा वर्षांचा झाला आणि नकाशावर जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन विम्याच्या कंपनीत चिकटला. महिन्यातून एकदा फोन करतो, काकूला, काका अंघोळीला गेले की.

अशा घरातून सैन्यात गेली ती माझी धाकटी बहीण. हे तिने जाहीर केलं त्या दिवशी काका आमच्याकडेच चहाला आले होते. ते हसले. नुसते हसले नाहीत, बशी खाली ठेवून हसले.

"तीन महिने," ते म्हणाले. "चौथ्या महिन्यात दारात उभी असेल, पायाला फोड घेऊन. अरे, तिथं भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं."

"हो दादा," बाबा म्हणाले.

धाकटी दुसऱ्या दिवशीपासून पहाटे मैदानावर धावायला लागली. आणि तिच्या वेळा मोजायला कोण जायचं, तर काकू. पहाटे पाचला उठतो असं काका सांगायचे खरे, पण साडेसातच्या आत त्यांचं घोरणं थांबत नसे, त्यामुळे काकूला तेवढा वेळ मोकळा सापडायचा. स्वयंपाकघरातलं टिकटिक करणारं घड्याळ घेऊन ती मैदानाच्या कडेला रबरी चपलांत उभी राहायची. "पाच सेकंद जास्त लागले आज. रात्री काय खाल्लंस?" एवढंच बोलायची. दहा महिने तिने एक दिवस चुकवला नाही. काकांना याचा पत्ता नव्हता. घरात बायको काय करते हे कळायला आधी तिच्याकडे बघावं लागतं.

धाकटीची निवड झाली, ती गेली, चौथा महिना आला आणि ती दारात उभी राहिली नाही. सहावा आला, नववा आला. काकांनी पवित्रा बदलला. आता गल्लीत सांगायला लागले, "रक्तातच आहे आमच्या."

अकराव्या महिन्यात जाड लिफाफा आला. दीक्षान्त संचलनाचं आमंत्रण, चार पास आणि दोन पानं सूचना. पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या मैदानावर जमा, तिथून बसने आत. पासावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. पिशवी चालणार नाही, छत्री चालणार नाही, मोबाईल गेटवर जमा करायचा. बायकांनी टोकदार टाचा घालू नयेत, हिरवळीत रुततात. सात वाजता गेट बंद. संचलन सुरू झालं की जागेवरून उठायचं नाही. नंतर खांद्यावर तारे लावायला प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या घरचे दोघे मैदानात येऊ शकतात. शेवटी धाकटीचं अक्षर: "आई, सपाट चपला घाल. बाबा, पोटात काहीतरी ढकलून या, तिथं नऊपर्यंत पाणी सोडून काही मिळत नाही."

चार पासांवर चार नावं होती. आई, बाबा, मी आणि काकू.

काकांनी पास उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "टंकलेखनाची चूक आहे," ते म्हणाले. "‘श्री’च्या जागी ‘श्रीमती’ पडलंय. खात्यात रोज बघतो मी असल्या चुका." आणि पास खिशात घातला.

"अहो, नावसुद्धा माझंच आहे," काकू म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतं? दोन तास उन्हात बसायचं असतं. तू लॉजवर थांब. सामान राखायला कोणी नको का?"

आई माझ्याकडे बघायला लागली, मी बाबांकडे, आणि बाबा स्वतःच्या चष्म्याची काच पुसायला लागले. आम्ही तिघांनी मिळून त्या दिवशी ब्र काढला नाही. काकांना नावं ठेवताना हेही सांगायला हवं.

आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी पोचलो. गाव लहान, आणि सगळं त्या प्रशिक्षण केंद्रावर जगणारं. जिकडे बघावं तिकडे बूट पॉलिशची दुकानं, गणवेश शिवणारे शिंपी, बिल्ले आणि फिती विकणारे. लॉजमध्ये आमच्यासारखीच माणसं भरलेली. प्रत्येक दारातून तेच तेच प्रश्न ऐकू येत होते. बस किती वाजता? आजीला आत सोडतील का? तान्हं मूल चालतं का? एक बाप जिन्यात उभा राहून मुलाच्या नावाची पाटी घेऊन जायची परवानगी आहे का, असं लॉजच्या मॅनेजरला विचारत होता, जसा काही तो सरसेनापतीच.

पहाटे काका जिन्यात उतरले ते ब्लेझर घालून. ब्लेझरच्या खिशावर चकचकीत बिल्ला. मी वाकून पाहिलं. पाणीपुरवठा खात्यात पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल मिळालेला तो बिल्ला होता, मधोमध नळाचं चित्र असलेला. त्यांच्या मागून काकू आली. केस नीट विंचरलेले, पायात सपाट चपला, हातात ओळखपत्र.

"तू कुठे?" काका म्हणाले.

"गेटपर्यंत येते," काकू म्हणाली आणि बसमध्ये जाऊन बसली.

गेटवर रांग होती. पुढे टेबल, टेबलामागे गणवेशातली एक मुलगी, आमच्या धाकटीपेक्षाही लहान असावी. आईचा पास बघितला, ओळखपत्र बघितलं, यादीवर खूण केली. बाबांचं झालं. माझं झालं. मग काका टाचा जुळवून पुढे झाले.

मुलीने पास पाहिला, ओळखपत्र पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. "आजोबा, हा पास दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे."

आजोबा! काकांच्या मिशीचं एक टोक खाली आल्याचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"टंकलेखनाची चूक आहे ती," ते म्हणाले. "मी अधिकाऱ्याचा सख्खा काका. माझी स्वतःची निवड झालेली होती, तुमचा जन्म व्हायच्या आधी."

"यादीत पण श्रीमतीच आहे, आजोबा."

"तुमच्या वरिष्ठांना बोलवा."

वरिष्ठ आला. तोही पंचविशीचाच एक लेफ्टनंट. त्याने बिल्ल्याकडे जरा वाकून पाहिलं, नळ ओळखला, आणि चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. त्याचं प्रशिक्षण खरोखर चांगलं झालं असणार. "काका, ज्यांच्या नावाचा पास आहे त्या आल्यात का?"

"मी," मागून काकू म्हणाली आणि ओळखपत्र पुढे केलं.

लेफ्टनंटने काकांच्या बोटांतून पास अलगद काढून काकूला दिला. "तुम्ही आत जा. काका, डाव्या हाताला तंबू आहे, पास नसलेल्यांसाठी. मोठा पडदा आहे, पंखे आहेत. आत खुर्ची उरली तर मी स्वतः बोलावतो."

काका काय उत्तर देतात हे बघायला काकू थांबली नाही. ती यादीवर सही करून आत गेली. तिच्या मागे आम्ही.

आमची जागा तिसऱ्या सज्जात होती. लोखंडी बाकं, पहाटेच्या दवाने ओली. आईने रुमालाने पुसायला सुरुवात केली तेवढ्यात ऊन आलं आणि तीच बाकं तापायला लागली. शेजारी एक कुटुंब होतं, सगळ्यांना काळे चष्मे. त्यांतल्या बाईंनी आम्हाला विचारलं, "तुमच्याकडे सैन्यात आधी कोण कोण?"

"कोणी नाही," आई म्हणाली.

"अरेरे. आमची मुलगी तिसऱ्या पिढीतली. मग तुमच्या मुलीला जड गेलं असेल नाही?"

"गेलं असेल," काकू म्हणाली. "पण दोघींची रांग एकच दिसतेय."

बाईंनी काळा चष्मा मैदानाकडे वळवला, तो शेवटपर्यंत तिकडेच ठेवला.

पावणेसातला तो लेफ्टनंट खरोखरच आला. आमच्या मागच्या रांगेत एक जागा रिकामी होती. "पंधरा मिनिटं आहेत. कोणीतरी जाऊन काकांना घेऊन या."

मीच गेले, धावत. मनातल्या मनात वैतागत होते, कारण आता संचलनभर कानाशी समालोचन ऐकावं लागणार. तंबूत फारशी माणसं नव्हती. काका पहिल्या ओळीत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"काका, चला. जागा मिळाली. लवकर, सातला गेट बंद होतंय."

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून गेटकडे बघत होते. कपाळावर घाम, आणि तंबूत तर पंखे चालू.

"इथून बरं दिसतं," ते म्हणाले. "पडद्यावर जवळून."

"अहो काका, प्रत्यक्ष सोडून पडदा?"

"तू जा. तुला उशीर होईल."

त्यांच्या तोंडून हुकूम नसलेलं वाक्य मी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं, मान दुखावला म्हणून रुसलेत. घरच्या कार्यात रुसून बसायची त्यांना सवय होतीच. मी आणखी एकदा म्हटलं, मग परत पळाले. बाकावर बसून काकूला सांगितलं, "नाही म्हणतात. फुगलेत."

"फुगलेले नाहीत," काकू म्हणाली. "ते त्या गेटातून आत यायचे नाहीत."

"म्हणजे?"

काकू मैदानाकडे बघतच बोलली, भाजी काय करायची सांगावं तशी. "ह्याच गेटाशी आले होते ते तेव्हा. ट्रंक घेऊन. बाकीची मुलं नावं सांगून आत गेली. हे समोरच्या चहाच्या दुकानात बसले. दिवसभर बसले. संध्याकाळच्या गाडीने घरी."

"पण आजी आजारी होती ना?"

"सासूबाई? त्या साली त्या स्वतः छपरावर चढून पत्रे बसवत होत्या. विचार तुझ्या बाबांना."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांना सगळं ऐकू येत होतं. ते हलकेच म्हणाले, "पत्रे धरायला मी होतो."

म्हणजे तीस-पस्तीस वर्षं दर वेळी सुस्कारा सोडणाऱ्या माणसालाही माहीत होतं! मला कुणाचा जास्त राग यावा हे कळेना.

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ट्रंकेच्या तळाशी कागद सापडला मला," काकू सांगत होती. "‘आपण हजर न झाल्यामुळे निवड रद्द.’ मी विचारलं. त्या दिवशी खरं सांगितलं, रडले पण. दुसऱ्या दिवशी चहाला कोणी आलं तर गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू. एकीकडे देश, एकीकडे आई."

"आणि तू गप्प बसलीस?"

"घाबरले तर घाबरले. वीस वर्षांचं पोर घाबरणारच. त्याचं मला काही नाही. पण मग माझ्या पोराला कशाला उन्हात उभं करायचं गच्चीवर?"

यानंतर मला काकांची कीव यायला हवी होती, असं मला नंतर अनेकांनी सांगितलं. मी प्रयत्न केला. आली नाही.

बरोबर सातला बँड सुरू झाला. आता या संचलनाबद्दल एक खरं सांगते, कारण पत्रकात ते लिहीत नाहीत. तिथं आपलं माणूस ओळखू येत नाही. दोनशे टोप्या, दोनशे पाठी, सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या. बाबा पंचवीस मिनिटं उजवीकडून चौथ्या मुलीकडे बघून डोळे पुसत होते. त्या मुलीने तोंड वळवलं तेव्हा ती कुणी भलतीच निघाली. आईने धाकटीला डाव्या कोपरावरून ओळखलं. लहानपणी सायकलवरून पडल्यापासून तो जरा बाहेर राहतो. काकूने चालण्यावरून ओळखलं, पहिल्याच मिनिटाला, आणि कुणाला सांगितलं नाही. बाबांचं रडणं चाललंय तर चालू दे, असं नंतर म्हणाली.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं. त्यांनी त्याग, परंपरा आणि पुन्हा त्याग असं चाळीस मिनिटं सांगितलं, सावलीतून. उन्हात उभ्या असलेल्या रांगेतला एक मुलगा सरळ पुढे पडला, लाकडी ओंडक्यासारखा. दोघांनी त्याला उचलून नेलं, रांग हलली नाही, भाषणही हललं नाही. कुठल्यातरी सज्जात एक आई उठून उभी राहिली आणि तिला खाली बसवण्यात आलं. शपथ मात्र तीन-चार वाक्यांत संपली. मुलांनी ती एवढ्या मोठ्याने घेतली की शेजारच्या काळ्या चष्म्यातूनसुद्धा पाणी आलं.

मग तारे लावायला घरच्यांना मैदानात बोलावलं. आई-बाबा उठले. आम्ही दोघी बसून राहिलो. तेवढ्यात धाकटीच धावत सज्जाखाली आली. टोपी काखेत, चेहरा उन्हाने रापलेला, आवाज पूर्वीपेक्षा दीडपट मोठा.

"आई ये. काकू, तू पण. बाबा, चालेल ना?"

मला वाटलं, बाबा आता "हो" म्हणतील, त्यांना दुसरं काय येतं. पण ते म्हणाले, "मीच सांगणार होतो. वहिनी, तुम्ही जा. मी पहाटे एकदाही उठलो नाही."

काकू हिरवळीवरून चालत गेली. मी सज्जाच्या कठड्याला धरून बघत होते. तारा लावताना आईने धाकटीला टोचलंच. "आई, कापडाच्या खाली मी आहे," धाकटी ओरडली. काकूचं काम एका झटक्यात झालं. तारा सरळ आहे का हे तिने मान तिरकी करून पाहिलं, आणि खांद्यावर दोनदा थोपटलं. तिच्या तोंडावर काही विशेष दिसलं नाही. पण परत येताना ती आईचा हात धरून आली, आणि मला आठवतं तेव्हापासून काकूने चालताना कुणाचा हात धरलेला नव्हता.

चहाच्या वेळी आणखी एक गोष्ट कळली. अधिकाऱ्यांचे घरवाले केकवर तुटून पडतात, मग ते पहिल्या पिढीतले असोत की तिसऱ्या. ते सगळं उरकून आम्ही धाकटीला घेऊन तंबूकडे गेलो.

काका खुर्चीवर होते आणि खुर्चीभोवती माणसं होती. पंधरा-वीस तरी. सगळे पास न मिळालेले आते-मामे-चुलते. कुणीतरी काकांना थंड सरबत आणून दिलं होतं.

"एकच पास उरला होता," काका सांगत होते. "मी बायकोला दिला. म्हटलं, तू जा. सैनिकाला पहिला धडा तोच शिकवतात, आधी दुसरे, मग आपण. पोरीला पहाटे मैदानावर मीच नेत असे. घड्याळ हातात घेऊन."

एका म्हाताऱ्या बाईने पदराने डोळे टिपले. मी काकूकडे पाहिलं. ती ऐकत होती, डबा उघडा राहिलाय का बघावं तशी.

काकांनी धाकटीला पाहिलं. ताडकन उठले. "सावधान!" असं गरजले आणि खाडकन सलाम ठोकला.

तंबूच्या दाराशी एक वयस्कर सुभेदार उभा होता, कवायत शिकवणारा. तो आदबीने पुढे झाला. "साहेब, डोक्यावर टोपी नसली की सलाम करत नाहीत."

"आमच्या काळी करायचे."

"असं? कुठल्या विभागात होता आपण?"

काकांचा हात अजून कपाळाशीच होता.

"पाणीपुरवठा," काकू म्हणाली.

मला वाटलं, झालं. संपलं एकदाचं. पण गर्दीतला एक गृहस्थ मान डोलावत म्हणाला, "म्हणजे रसद विभाग! अहो, त्यांच्यावाचून लढाई होतेय का? पाण्यावाचून काय लढणार?" दोघातिघांनी "खरंय, खरंय" केलं. ज्या बाईने डोळे टिपले होते तिने पुन्हा टिपले.

काकांनी हात खाली घेतला. "तसंच म्हणा," ते म्हणाले, विनयाने.

सुभेदाराने एकवार नळाच्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि तो दुसरीकडे निघून गेला. धाकटी काकांजवळ गेली, त्यांचा दंड धरला आणि अगदी हळू विचारलं, "काका, सकाळपासून काही खाल्लंत का?" तिचं हे विचारणं मला आवडलं नाही. मला तिथे भांडण हवं होतं. तिच्याकडे आता त्याहून महत्त्वाची कामं होती. चार दिवसांनी तिला हजर व्हायचं होतं, आमच्यापासून दोन दिवसांच्या प्रवासावर.

परतीच्या गाडीत काका खिडकीशी बसले आणि स्टेशन सुटायच्या आत झोपले. काकूने पिशवीतून पोळी-भाजीचा डबा काढला, आम्हाला वाढला, स्वतः खाल्लं, उरलेलं झाकून ठेवलं. मग बाबांना म्हणाली, "भावोजी, पुढच्या महिन्यात मला मुलाकडचं तिकीट काढून द्या. एकटीचं."

"किती दिवसांचं?"

"जायचं द्या. यायचं बघू."

बाबांनी काकांकडे नजरसुद्धा न टाकता खिशातून पेन काढलं आणि तारीख विचारली.

काकू गेली. अडीच महिने झाले, अजून तिकडेच आहे. परवा फोनवर सांगत होती, मुलगा तिला पोहायला शिकवतोय, आणि ती बुडायला घाबरते म्हणून तो हसत नाही. काका जेवायला आमच्याकडे येतात. मीठ स्वतः घेतात, एवढी सुधारणा झाली. पण संध्याकाळी त्यांची खुर्ची गल्लीच्या तोंडाशी असते आणि गोष्ट चालू असते. आता तिच्यात ते मैदानात उतरतात, स्वतःच्या हाताने पुतणीच्या खांद्यावर तारा लावतात, आणि मुख्य पाहुणे त्यांना बाजूला घेऊन विचारतात, "आपल्याला कुठेतरी पाहिलंय."

मी एकदा न राहवून तिथे थांबले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "काका, तुम्ही तंबूत होता." ऐकणारे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी असभ्य बोलले. शेजारच्या किराणावाल्याने तर मला समजावलं. "जाऊ द्या ताई. म्हातारा माणूस आहे. आणि खरं सांगू का, तुमच्या काकूंनी सांगितलेलं पण मी ऐकलंय. तुमच्या काकांचंच जास्त रंगतं. त्यात तोफा आहेत."